गुलमर्गला बर्फ नेमका कधी? (तारीख ठरवायची आहे, लवकर सांगा)

सिंहगड_रोड | १४ नोव्हेंबर २०२४

नमस्कार मंडळी. चार वर्षं घरात काश्मीर काश्मीर चाललंय, यंदा एकदाचा योग आलाय. आम्ही पाच जण: मी, नवरा, नऊ वर्षांचा चिरंजीव, सासूबाई (६७) आणि सासरे (७२). चिरंजीवांना स्की करायचंय. सासूबाईंची अट वेगळी. "पडलेला बर्फ फ्रीजरमध्येपण असतो. मला पडताना बघायचाय."

नवऱ्याला रजा दोनच वेळा मिळतेय, २४ ते २९ डिसेंबर किंवा १० ते १५ फेब्रुवारी. शेजारचे याच वर्षी जानेवारीत जाऊन आले. त्यांच्या फोटोत गुलमर्गच्या मैदानावर तपकिरी गवत आणि घोडे. खाली नाव लिहिलं नसतं तर पाचगणीचं टेबललँड म्हणून खपलं असतं.

पॅकेजवाला म्हणतो, "मॅडम, फेब्रुवारीत बर्फाची गॅरंटी." गॅरंटी म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो. जाऊन आलेल्यांनी सांगा, डिसेंबर की फेब्रुवारी?

खादाड_बोका | १४ नोव्हेंबर

गॅरंटी लेखी घ्या. बर्फ नाही पडला तर पॅकेजवाल्याने किसून द्यायचा. सोबत काला खट्टा.

मुक्ता_बोरिवली | १४ नोव्हेंबर

आम्ही २५ डिसेंबरला निघतोय, तिकिटं काढून झाली. आता कोणी "डिसेंबरात काही नसतं" असं लिहू नका, प्लीज.

सुभेदार_सातारा | १४ नोव्हेंबर

ताई, डिसेंबरात काही नसतं. (बोरिवलीकर, माफी.)

नोकरीत असताना लष्कराच्या तिथल्या शाळेत दोन हिवाळे काढलेत, नव्वदच्या दशकात. तेव्हा गोंडोला (तारेवरून वर नेणारी केबल कार) नव्हता. स्की खांद्यावर टाकायच्या, तासन्‌तास चढायचं आणि दहा मिनिटांत खाली. म्हणून त्या डोंगराची थोडी ओळख आहे म्हणतो.

काश्मिरी माणूस हिवाळा तीन हिश्श्यांत मोजतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे मोठी थंडी. पुढचे वीस दिवस चिल्लई खुर्द, धाकटी. शेवटचे दहा चिल्लई बच्चा, म्हणजे पिल्लू. पर्यटकाला वाटतं चिल्लई कलान म्हणजे बर्फच बर्फ. तसं नाही. ते थंडीचं पंचांग आहे, बर्फाचं नाही. आभाळ निरभ्र असलं की रात्री थंडी जास्त कडक. नळ गोठतो, दल सरोवराच्या कडेला साय धरते, पण आभाळातून टिपूस नाही. असे पंधरा-पंधरा दिवस कोरडे काढलेत आम्ही.

बर्फ साचत साचत जातो आणि फेब्रुवारीत सगळ्यात जाड थर मिळतो. माझं मत १० फेब्रुवारी, डोळे झाकून.

हवापाण्याचा_नाद | १५ नोव्हेंबर

सुभेदारकाकांशी सहमत, फक्त "डोळे झाकून" सोडून.

गुलमर्गचा बर्फ आपल्या पावसाळ्यासारखा नसतो. आपल्याकडे मोसमी वारे एकदा स्थिरावले की चार महिन्यांची सोय होते. तिथे हिवाळाभर जे मिळतं ते पश्चिमी झंझावातांकडून. भूमध्य समुद्राच्या बाजूने हे हवेचे भोवरे उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान ओलांडत येतात. हिवाळ्यात महिन्याला चार-सहा येतात, पण त्यातले निम्मे नुसते ढग दाखवून जातात. एखादाच ओलावा भरून येतो. तो पीर पंजालच्या रांगेला धडकला, हवा वर ढकलली गेली, की मग दोन दिवसांत कमरेइतका बर्फ.

म्हणजे "गुलमर्गला जानेवारीत किती बर्फ असतो?" हा प्रश्नच थोडा फसवा आहे. दोन चांगले झंझावात आले तर भरपूर, नाही आले तर तुमच्या शेजाऱ्यांचे फोटो. गेल्या जानेवारीत तेच झालं. महिना जवळजवळ संपेपर्यंत मैदान कोरडं होतं, नंतर शेवटच्या दिवसांत आणि फेब्रुवारीत असा पडला की २१ फेब्रुवारीपासूनचे खेलो इंडियाचे हिवाळी खेळ गुलमर्गलाच पार पडले.

त्यातल्या त्यात फेब्रुवारी-मार्च बरा, कारण त्या काळात हे झंझावात जास्त ओले असतात. श्रीनगरचा वर्षातला सगळ्यात ओला महिना मार्च आहे, जुलै-ऑगस्ट नाही. पण मार्चमध्ये ऊब वाढते आणि खाली बर्फाऐवजी पाऊसच पडायला लागतो.

निफाडची_द्राक्षं | १५ नोव्हेंबर

तुमच्या या झंझावातांशी आमची जुनी सोयरीक आहे. ते काश्मिरात बर्फ टाकून पुढं सरकले की मागून उत्तरेचा गार वारा सुटतो आणि दोन-तीन दिवसांत निफाडचा पारा घसरतो. मग पेपरात फोटो येतो, द्राक्षबागेत शेकोटी. पुण्या-मुंबईचे लोक म्हणतात, वा काय गुलाबी थंडी! इकडं पाणी भरलेल्या मण्याला तडे जायच्या धास्तीनं आम्ही पहाटे चारला बागेत पाणी सोडत असतो.

आणि त्यातलाच एखादा जरा दक्षिणेला लांबला की गारपीट. २०१४ चा फेब्रुवारी-मार्च विसरणं शक्य नाही. तेव्हा गुलमर्गला जायची गरज नव्हती, रानात पांढरं झालं होतं.

म्हणून मी श्रीनगरचं हवामान रोज बघतो. एकदाही गेलेलो नाही.

खादाड_बोका | १५ नोव्हेंबर

निफाडकर, शेवटची दोन वाक्यं वाचून हसू की रडू कळेना.

साप्पोरोची_सून | १६ नोव्हेंबर

होक्काइदोत अकरा वर्षं राहतेय म्हणून तुलना करते. आमच्याकडे बर्फ रतीबाच्या दुधासारखा येतो. सैबेरियाचं कोरडं गार वारं जपानच्या समुद्रावरून येतं, वाटेत पाणी पिऊन घेतं आणि इकडच्या डोंगरांवर ओतून टाकतं. समुद्र जागचा हलत नाही, वारंही हिवाळाभर तेच. त्यामुळे निसेकोला जानेवारीत जवळजवळ रोज थोडा थोडा पडतो. इथल्या शेजारीणबाई सकाळी अंगण झाडल्यासारखा फावड्याने बर्फ सारतात, आता मीही सारते.

गुलमर्गचं गणित उधारीच्या वहीसारखं दिसतंय. महिनाभर काही नाही, मग एकदम सगळी बाकी चुकती.

पण एक सांगू? उंचीच्या बाबतीत गुलमर्ग कितीतरी वरचढ आहे. निसेकोचा डोंगर १,३०० मीटरच्या आसपास संपतो. तुमचं गुलमर्ग सुरूच २,६५० ला होतं.

स्की_वेडा_ठाणे | १६ नोव्हेंबर

साप्पोरोताईंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. "गुलमर्गला बर्फ आहे का?" असं विचारण्याआधी कुठल्या गुलमर्गला ते विचारा, कारण ती तीन आहेत.

खालचं मैदान २,६५० मीटर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला सोडतो, साधारण ३,१०० च्या आत-बाहेर. दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, ३,९५० च्या आसपास. हजार मीटर चढलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे खाली शून्य असेल तेव्हा वर उणे आठ. खाली भिजका पाऊस पडत असताना वर कोरडी भुकटी पडते. शिवाय उतारांची तोंडं बहुतेक ईशान्येला आणि पूर्वेला, त्यामुळे दुपारचं ऊन कमी लागतं आणि बर्फ टिकतो. जगभरचे वेडे लोक येतात ते या वरच्या भागासाठी.

पण चिरंजीव नऊ वर्षांचे, पहिल्यांदा स्की घालणार. ते शिकणार खालच्या मैदानात, बेबी स्लोपवर. म्हणजे तुम्हाला बर्फ हवाय तो तिन्हींतल्या सगळ्यात बेभरवशाच्या जागी.

सिंहगड_रोड | १६ नोव्हेंबर

अरे देवा. आणि सासू-सासऱ्यांना ३,९५० वर न्यावं का?

डॉक्टरीण_बाई | १६ नोव्हेंबर

रक्तदाब, दमा, हृदय यांपैकी काही असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. काही नसलं तरी श्रीनगरहून सकाळी निघून दुपारी थेट ३,९५० वर नेऊ नका. एक रात्र गुलमर्गला मुक्काम करा. कोंगडोरीपर्यंत बहुतेकांना जमतं. वर गेल्यावर धाप लागली, डोकं ठणकलं, की फोटो राहू देत, खाली उतरायचं.

पुणेरी_पाटी | १७ नोव्हेंबर

एवढ्या लांब कशाला? उत्तराखंडातल्या औलीला जा. निम्म्या खर्चात होतं, आणि तिथे कृत्रिम बर्फाची यंत्रंसुद्धा आहेत.

स्की_वेडा_ठाणे | १७ नोव्हेंबर

यंत्रालासुद्धा थंडी लागते हो. ते पाण्याचे तुषार उडवतं, ते जमिनीवर पडेपर्यंत गोठले पाहिजेत. दमट हवेत तर शून्याच्या बरंच खाली जावं लागतं. २०२३ च्या फेब्रुवारीत औलीच्या स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्या, यंत्रं असून.

पुणेरी_पाटी | १७ नोव्हेंबर

मग महाबळेश्वर. वेण्णा तलावावर दवबिंदू गोठतात. जेवणही वेळेवर मिळतं.

सुभेदार_सातारा | १७ नोव्हेंबर

अवांतर, पण सांगितलंच पाहिजे. कोरड्या महिन्यानंतर मोठा बर्फ पडला की हौशी लोक नाचतात. आम्हाला तेव्हाच उतारावर जायची बंदी असायची.

कारण असं. पातळ बर्फ बरेच दिवस तसाच पडून राहिला की तो आतून बदलतो. खाली जमीन त्यामानाने उबदार, वर कडाक्याची थंडी. मधल्या मध्ये वाफ होऊन दाणे मोठे होतात, एकमेकांना धरून राहत नाहीत. मुठीत घेतला तर रवाळ साखरेसारखा ओघळतो, गोळा होतच नाही. आमचे उस्ताद खड्डा खणून तोच थर दाखवायचे. बोटाने टोकरला की भसाभस गळायचा. अशा साखरेवर तीन फूट नवा बर्फ बसला म्हणजे कपाट गोट्यांवर उभं केलं समजा.

८ फेब्रुवारी २०१० ला आमच्या शाळेचे सतरा जवान तिथंच हिमस्खलनात गेले. २०२३ मध्ये दोन पोलिश, याच वर्षी फेब्रुवारीत एक रशियन. नव्या बर्फाच्या दिवशी दोरीपलीकडे (म्हणजे स्कीसाठी आखलेल्या हद्दीबाहेर) कोणी "भाईसाब, मस्त जगा दिखाता हूं" म्हणाला तर हात जोडून परत फिरा.

सिंहगड_रोड | १८ नोव्हेंबर

काका, वाचून अंगावर काटा आला. आम्ही दोरीच्या अलीकडेच, बेबी स्लोपवर.

ठरलं. १० फेब्रुवारी. सुभेदारकाकांच्या भरवशावर तिकिटं काढली. सगळ्यांचे आभार!

मुक्ता_बोरिवली | १८ नोव्हेंबर

म्हणजे डिसेंबरात जाणारे मूर्ख एवढं निष्पन्न झालं. छान.

मुक्ता_बोरिवली | ३० डिसेंबर

मूर्ख बाई परत आली! धागा वर काढतेय.

२७ ला दुपारी आम्ही गुलमर्गच्या हॉटेलात कहवा पीत होतो. आभाळ सकाळपासून शिशासारखं. ड्रायव्हर, वीस वर्षं याच रस्त्यावरचा, खिडकीतून एकदा बघून म्हणाला, "आज गाडी नीचे नहीं जाएगी." अर्ध्या तासात सुरू झालं. आवाज अजिबात नाही, याचंच नवल वाटलं. पाऊस येतो तेव्हा आधी पत्र्यावर कळतं. इथे समोरची लाकडी कुंपणं हळूहळू बुटकी होत गेली तेव्हा कळलं की पडतोय. रात्री वीज गेली. कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) पायांशी घेऊन बसलो, मुलं मेणबत्तीत भेंड्या खेळली.

२८ ला श्रीनगरची सगळी विमानं रद्द. खाली काझीगुंडकडे महामार्गावर गाड्याच्या गाड्या अडकलेल्या. आम्ही चाकांना साखळ्या लावून गोगलगायीसारखे टंगमर्गला उतरलो, तेरा किलोमीटरला दोन तास. घरी पोचलो आज.

खर्च दीडपट झाला. पण बर्फ? सुभेदारकाका, गुडघ्याच्या वर.

सुभेदार_सातारा | ३० डिसेंबर

अभिनंदन. आणि शब्द मागे.

खादाड_बोका | ३० डिसेंबर

सुभेदारांची माघार! या धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सिंहगड_रोड | १७ फेब्रुवारी २०२५

परत आलो. आधी चहा घेतला, मग लिहायला बसले, नाहीतर भाषा बिघडली असती.

डिसेंबरचा तो बर्फ सोडला तर यंदाचा जानेवारी पुन्हा कोरडाच गेला. १२ तारखेला गुलमर्गला पोचलो. मैदानात सावलीच्या बाजूला बर्फाचे तुकडे, बाकी पिवळं गवत आणि चिखल. टंगमर्गला भाड्याने घेतलेले गमबूट (माझ्या डाव्याला भोक) चिखलासाठीच कामी आले. स्लेजवाले तर बघवत नव्हते. एक जण फावड्याने सावलीतला बर्फ उचलून दोन तुकड्यांच्या मधल्या गवतावर पसरत होता, म्हणजे लाकडी स्लेज सलग वीस मीटर तरी सरकेल. मुलाला बसवलं तर खालून दगडाचा कर्र आवाज. "साहब, इस साल अल्लाह की मर्जी," म्हणाला. भावात घासाघीस करायची नवऱ्याची हिंमत झाली नाही.

बेबी स्लोप जवळपास बंद. मग कोंगडोरीला गेलो. तिथे होता, पण घट्ट, सकाळी काचेसारखा. चिरंजीव दीड तासात अकरा वेळा पडले आणि "परत यायचं" म्हणाले, म्हणजे त्यांचं भागलं. अफरवटचा टप्पा वाऱ्यामुळे बंद होता.

आता सासूबाई. कोंगडोरीला परतीच्या रांगेत उभे होतो, अचानक एक काळा ढग आला आणि साबुदाण्याएवढे पांढरे गोळे पडायला लागले. शालीवर पडून टणटण उड्या मारत होते. पाच मिनिटं. मग ऊन. सासूबाई म्हणाल्या, "पाहिला, पडताना." सासरे म्हणाले, "या गारा आहेत, बर्फ नव्हे." विमानातसुद्धा याच विषयावर. तज्ज्ञांनी निकाल द्यावा, घरची शांतता पणाला लागली आहे.

हवापाण्याचा_नाद | १७ फेब्रुवारी

साबुदाणाच ना? अपारदर्शक, बोटाने चेपला की भुगा होणारा? मग ती गार नव्हे. हिमपाकळी खाली येताना ढगातले अतिथंड पाण्याचे थेंब तिला चिकटून तिथल्या तिथे गोठत जातात, पाकळीचा आकार बुजतो आणि गोळा होतो. गार कडक असते, कापली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. गोळ्याच्या पोटात हिमपाकळीच असते, सबब निकाल सासूबाईंच्या बाजूने.

पुणेरी_पाटी | १७ फेब्रुवारी

असहमत. साबुदाणा म्हणजे खिचडी नव्हे. सासऱ्यांना माझा पाठिंबा कळवा.

स्की_वेडा_ठाणे | १८ फेब्रुवारी

तुम्ही एकट्या नाही. २२ तारखेपासून गुलमर्गला खेलो इंडियाचे हिवाळी खेळ होते, तेही बर्फ नाही म्हणून पुढे ढकललेत. सरकारलाच तारीख जमली नाही, तर नवऱ्याच्या रजेची काय कथा.

सुभेदार_सातारा | १८ फेब्रुवारी

ताई, क्षमा. तीस वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यावर आजची तिकिटं काढायला लावली. तेव्हा फेब्रुवारीत आम्ही बराकीच्या खिडकीतून बाहेर निघायचो, दार गाडलेलं असायचं. तेच डोक्यात बसलंय.

सातारला कधी आलात तर घरी या. बर्फ नाही, पण कंदी पेढे आहेत.

सिंहगड_रोड | १८ फेब्रुवारी

अहो काका, तुमच्यावर राग नाहीच. पॅकेजवाल्यावर आहे. त्याला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, गॅरंटी कोंगडोरीची होती."

निफाडची_द्राक्षं | २८ फेब्रुवारी

श्रीनगरचं हवामान बघणारा एकटाच उरलोय बहुतेक. परवापासून काश्मिरात जोरदार सुरू आहे, गुलमर्ग पांढरंशुभ्र. सिंहगड रोडताई, तुम्ही पंधरा दिवस लवकर गेलात.

आमची निम्मी बाग उतरायची आहे. मागून गार वारा आला तर आला, पण गारा नकोत. साबुदाणासुद्धा नको.

सिंहगड_रोड | २८ फेब्रुवारी

ही बातमी घरात सांगणार नाहीये.

स्की_वेडा_ठाणे | १३ मार्च

नोंदीसाठी: खेलो इंडियाचे पुढे ढकललेले खेळ ९ ते १२ मार्चला गुलमर्गलाच झाले. त्याच उतारांवर.

नवा_भिडू_७७ | २ एप्रिल

नमस्कार, पूर्ण धागा वाचला नाही, वेळ नव्हता. मे महिन्यात गुलमर्गला बर्फ मिळेल का? पॅकेजवाला गॅरंटी देतोय.

सुभेदार_सातारा | २ एप्रिल

गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर, अफरवटला, जुना मळकट बर्फ मिळू शकतो. वारा नसेल आणि तिकीट मिळालं तर. मैदानात फुलं आणि घोडे. तारीख मी सांगणार नाही.